व्हँकुव्हरच्या जुन्या रहिवाशांच्या आठवणी : लाकूड, भरती, आग आणि पाणी

साकव

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं व्हँकुव्हर शहर कागदोपत्री जन्मलं ६ एप्रिल १८८६ ला आणि जळून खाक झालं त्याच वर्षी १३ जूनला. मध्ये जेमतेम सव्वादोन महिने. हे दोन्ही दिवस पाहिलेली माणसं १९३० नंतरही हयात होती. जेम्स स्किट मॅथ्यूज नावाचा मेजर १९३३ पासून १९७० साली मरेपर्यंत शहराचा अभिलेखपाल होता. त्याने या म्हाताऱ्यांना गाठून, बोलतं करून त्यांच्या आठवणी टाइप करून ठेवल्या. आज आपण ते शहर ओळखतो ते पुष्कळसं त्याच्या या चिकाटीमुळे.

हा धागा त्या आठवणी कशा वाचाव्यात यासाठी आहे. माझं मत सांगतो. त्या किस्से म्हणून वाचल्या तर हाती फार थोडं लागतं. कामाच्या माहितीसारख्या वाचल्या तर अख्खं गाव उभं राहतं. म्हातारा माणूस साल चुकतो, कोण आधी आलं हे चुकतो, पण करवतीवर कुठलं तेल टाकायचे, पाणी कुठून आणायचे, भरतीला रस्त्यावर कुठवर पाणी चढायचं हे सहसा चुकत नाही.

थोडी पार्श्वभूमी : १८६५ मध्ये कॅप्टन एडवर्ड स्टॅम्पने बरार्ड खाडीच्या दक्षिण काठावर सॉमिल घातली. करवती १८६७ मध्ये सुरू झाल्या. पुढे तीच हेस्टिंग्ज मिल. त्याच वर्षी जॉन डेटन ऊर्फ गॅसी जॅक व्हिस्कीचं पिंप घेऊन आला आणि मिलच्या कामगारांनी त्याचा गुत्ता एका दिवसात उभा करून दिला, कारण मिलच्या हद्दीत दारूला बंदी होती. भोवती वस्ती झाली ती गॅसटाऊन. १८७० मध्ये तिची आखणी होऊन ग्रॅनव्हिल हे सरकारी नाव पडलं. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने शेवटचं स्टेशन पोर्ट मूडीहून पुढे इथपर्यंत आणायचं ठरवलं, त्याबदल्यात ६,००० एकरांहून जास्त जमीन घेतली, आणि गावाचं शहर झालं. पहिली प्रवासी गाडी २३ मे १८८७ ला आली. ती ओढणारं ३७४ नंबरचं इंजिन आजही शहराच्या येलटाऊन भागात जपून ठेवलंय.

ज्यांना लाकूडतोड, बंदर, पाणीपुरवठा यांतलं कळतं त्यांनी कृपया लिहावं.

पागोळी

साकव, फार चांगला विषय. एक प्रश्न बरेच दिवस पडलाय. त्या काळच्या सगळ्या फोटोंत झाडांचे खुंट माणसाच्या डोक्याच्याही वर दिसतात. इतकं चांगलं लाकूड खाली सोडून का दिलं? आणि खुंटाच्या अंगात ज्या चौकोनी खोबणी दिसतात त्या कशाच्या?

देवराई

पागोळी, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

डग्लस फर किंवा रेड सीडर खाली मुळांजवळ घागरीसारखं फुगलेलं असतं. त्या फुगवट्यात धागा वेडावाकडा असतो, त्याची सरळ फळी निघत नाही. शिवाय फरच्या बुडाशी राळ साचलेली असते. करवत राळेत शिरली की चिकटून बसते, मग दोन माणसांनी जीव काढला तरी हलत नाही. घेरही खाली खूप जास्त. आठ-दहा फूट वर गेलं तर कापायची जाडी चांगलीच कमी होते. त्या रानात लाकडाला तोटा नव्हता, तोटा होता तो माणसाच्या बळाला आणि वेळेला. म्हणून खुंट सोडून द्यायचे.

आता इतक्या उंचावर उभं कसं राहायचं? त्यासाठी त्या खोबणी. कुऱ्हाडीने बुंध्यात चार-सहा इंच खोल आडवी खाच पाडायची. त्यात चार-पाच फुटी फळीचं टोक खुपसायचं. फळीच्या टोकाला लोखंडी नाल ठोकलेला असे आणि त्याचा ओठ वरच्या बाजूला वळलेला असे. माणूस फळीच्या बाहेरच्या टोकावर उभा राहिला की आतलं टोक वर उचललं जातं आणि तो ओठ खाचेच्या छतात रुततो. म्हणजे जितकं वजन टाकाल तितकी फळी घट्ट बसते. आणखी वर जायचं तर वर दुसरी खाच पाडायची, दुसरी फळी लावायची, तिच्यावर चढायचं. खाच बाहेरच्या बाजूला उतरती पाडली किंवा लाकूड कुजकं निघालं तर फळी सटकून माणूस खाली.

झाडाच्या दोन अंगांना दोन फळ्या, दोन माणसं. आधी ज्या बाजूला झाड पाडायचं तिकडे पाचरीच्या आकाराचा घास काढायचा, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल. पूर्वी तोही निव्वळ कुऱ्हाडीने काढत. त्या कुऱ्हाडी दुधारी, अरुंद आणि लांब पात्याच्या असत आणि दांडा लांबलचक, कारण घास खोल गेल्यावर आखूड दांड्याची कुऱ्हाड आत पोचतच नाही. मग मागच्या बाजूने, घासाच्या पातळीपेक्षा किंचित वर, दोघांनी ओढायची लांब करवत चालवायची. राळ सुटावी म्हणून करवतीवर तेल शिंपडायला बाटली. तिला आकडा बांधलेला असे, तो झाडाच्या सालीत अडकवायचा. करवत पुरती आत गेली की मागून पाचरी ठोकायच्या, नाहीतर झाड मागे बसतं आणि करवत चिमटते.

पूर्ण आरपार मात्र कधीच कापायचं नाही. मध्ये लाकडाची एक पट्टी बिजागरीसारखी ठेवायची, तीच झाडाला दिशा देते. एका बाजूला पातळ, दुसऱ्या बाजूला जाड राहिली तर झाड फिरून भलतीकडे पडतं. एकूणच फार जाड ठेवली, किंवा झाड आधीच पुढे ओणवं असलं, तर खोड उभं चिरत वर जातं आणि मागचा भाग झटक्यात उसळतो. फळीवरच्या माणसाला मग पळायलाही जागा नसते.

आणखी एक : एवढं झाड खडकावर किंवा दुसऱ्या खोडावर आडवं पडलं तर त्याचे तुकडे होतात आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून जिथे पडणार तिथे आधी फांद्या अंथरून गादी करत.

गाडीवाट

देवराईंनी झाड पाडलं, आता ते पाण्यापर्यंत नेऊ. आठवणींत सगळ्यांत जिवंत भाग हाच आहे असं मला वाटतं, कारण बैलांचा आवाज, हाकाऱ्याच्या शिव्या आणि तेलाचा वास हे ऐकणाऱ्याच्याही लक्षात राहतं.

ओंडके ओढायला खास वाट करत. दीड फुटापर्यंत जाडीची गोल लाकडं वाटेवर आडवी, अर्धी जमिनीत पुरायची, दर सात ते दहा फुटांवर एक. अंतर असं ठेवायचं की ओंडका कायम दोन-तीन आडव्यांवर टेकलेला राहील. जास्त लांब पडली तर ओंडक्याचं नाक मधल्या मातीत घुसतं. प्रत्येक आडव्याच्या मध्यभागी उथळ खोलगा कोरायचा, म्हणजे ओंडका वाटेबाहेर घरंगळत नाही. ओंडक्याच्या पुढच्या टोकाची कड कुऱ्हाडीने गोल मारायची आणि ज्या अंगावर तो घसरणार त्या अंगाची साल सोलून काढायची. असे बरेच ओंडके लोखंडी आकडे आणि साखळीने एकामागे एक जोडायचे, सगळ्यांत मोठा पुढे.

पुढे बैलांच्या सहा, आठ, कधी दहा जोड्या. बैल आणि पहिला ओंडका यांच्यामध्ये एक पोरगा हातात बादली आणि फडकं बांधलेली काठी घेऊन पळत असे. काम एकच, प्रत्येक आडव्याच्या खोलग्यात तेल चोपडायचं. हे तेल मुशीच्या (लहान शार्कच्या) यकृताचं. कोकणात लाकडी होड्यांना मुशीचं तेल चोळतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्याचा वास वेगळा सांगायला नको. तिथले मूळ रहिवासी मुशी पकडून तेल काढत आणि मिलवाल्यांना विकत. तेल कमी पडलं तर लाकूड लाकडावर घासून धूर निघे. उतारावर जास्त पडलं तर ओंडका बैलांच्या अंगावर धावून येई, म्हणून उताराला तेल बंद आणि उलट माती किंवा वाळू टाकायची.

बैलांच्या खुरांचं एक सांगतो, कारण आपल्याकडच्या वाचकाला ते चटकन कळेल. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. चार पायांना आठ. आपल्याकडे पत्र्या मारताना बैल आडवा पाडून पाय बांधतात. तिकडे लाकडी चौकट करून, पोटाखाली रुंद पट्टा घालून बैलाला वर उचलत आणि एकेक पाय खुंटीला बांधून पत्री ठोकत. घोडा तीन पायांवर उभा राहतो, बैल राहत नाही, म्हणून हा खटाटोप.

जेरिको म्हणून आज जो किनारा प्रसिद्ध आहे तिथे जेरी रॉजर्सचा असा बैलांचा तळ होता. स्टॅन्ले पार्कातल्या काही पायवाटा मुळात याच ओंडक्यांच्या वाटा आहेत.

पागोळी

देवराई, गाडीवाट, दोघांचेही मनापासून आभार. आता ते फोटो वेगळे दिसायला लागले.

साकव, आगीबद्दल एका ठिकाणी वीस मिनिटं लिहिलंय, दुसरीकडे पाऊण तास. अख्खं शहर वीस मिनिटांत कसं जळेल?

साकव

दोन्ही आकडे खरे असू शकतात. प्रत्येकाने आपल्या जागेवरून पाहिलं. पश्चिमेच्या टोकाला असलेल्याला आग दिसल्यापासून घर जाईपर्यंतची मिनिटं आठवतात, पाण्यात तराफ्यावर बसलेल्याला शेवटची इमारत कोसळेपर्यंतची. पण इतक्या झपाट्याने का, हे जंगलतोड कशी केली त्यात आहे.

रेल्वेच्या जमिनीवरचं रान घाईने काढायचं होतं. तिथे झाडं एकेक करून पाडली नाहीत. एका ओळीतली लहान-मोठी झाडं अर्धवट कापून ठेवायची आणि शेवटी वरच्या बाजूचं एक राक्षसी झाड त्यांच्यावर सोडायचं. ते दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला घेऊन पडे. काम झटपट होई, पण जमिनीवर खोडं, फांद्या, साली यांचा माणसाच्या उंचीहून जास्त थर साचे. त्यात राळ. वसंत कोरडा गेलेला. हा कचरा जागच्या जागी जाळत होते. आपल्याकडे राब भाजतानाही शेतकरी वारा पाहतो आणि कडेने पट्टा झाडून घेतो. इथे कचरा थेट वस्तीपर्यंत पसरलेला होता, मध्ये जाळरेषा अशी काही नव्हतीच. रविवारी दुपारी पश्चिमेकडून सोसाट्याचा वारा सुटला आणि ठिणग्या थेट ताज्या लाकडाच्या, अजून राळ गळणाऱ्या घरांवर गेल्या.

लोक दोन बाजूंना पळाले. काही बरार्ड खाडीच्या काठाला, तराफे आणि होड्यांवर, काही फॉल्स क्रीक या दुसऱ्या खाडीकडे आणि पुलावरून न्यू वेस्टमिन्स्टरच्या रस्त्याला. नांगरून ठेवलेल्या रॉबर्ट केर या जुन्या जहाजावर बऱ्याच जणांनी आसरा घेतला. विहिरीत उतरलेले मात्र वाचले नाहीत, कारण वर आग भडकली की ती विहिरीतली हवाही ओढून घेते. सेंट जेम्स चर्चची घंटा वितळून तिचा गोळा झाला. तो गोळा शहराच्या संग्रहालयात आहे. हेस्टिंग्ज मिल वाचली. तिने दिलेल्या लाकडावर दुसऱ्या दिवसापासून नवी घरं उभी राहायला लागली. महापौर मॅल्कम मॅक्लीन आणि नगरसेवकांचा तंबूपुढचा, ‘सिटी हॉल’ अशी पाटी लावलेला फोटो याच दिवसांतला.

बारव

आगीच्या वेळी बंब नव्हता, स्वयंसेवकांकडे कुऱ्हाडी, फावडी आणि बादल्या होत्या. वाफेवर चालणारा बंब त्याच उन्हाळ्यात ऑंटारिओहून आला. त्याला महापौराचंच नाव दिलं. ओढायला सुरुवातीला घोडे नव्हते, माणसंच दोर धरून ओढत.

पण बंब आला म्हणजे पाणी आलं असं नाही. कुठलाही पंप पाणी ओढून फार तर सात-आठ मीटर वर घेतो, त्यापुढे निसर्गच आडवा येतो. समुद्र शेजारी असूनही ओहोटीला पाणी चिखलापलीकडे जातं आणि नळी पोचत नाही. रोजच्या वापराला विहिरी आणि पाणक्याची गाडी. विहिरी उथळ, शेजारी संडास, त्यामुळे आजाराची भीती कायम.

खरा उपाय खाडीपलीकडे होता : कॅपिलानो नदी. डोंगरात काही मैल आत लाकडी बांध घालून पाणी वळवलं आणि उतारानेच खाली आणलं, पंप लागला नाही. अडचण होती ती मधल्या फर्स्ट नॅरोज सामुद्रधुनीची. तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह इतका जोरात की साधी सरळ नळी टिकणार नाही. तळ खडबडीत, एखादा तुकडा अधांतरी राहिला की मोडणार. म्हणून बिडाच्या नळांना उखळीत गोळा बसतो तसे सांधे दिले. प्रत्येक सांध्याला थोडं वळता येतं, त्यामुळे नळ साखळीसारखा तळाच्या चढउतारावर निजतो. हे पाणी २६ मार्च १८८९ ला शहरात पोचलं. जहाजांच्या नांगरांचं भय तरीही होतंच. पुढे १९३० च्या दशकात सामुद्रधुनीखालून बोगदाच काढला, तेव्हा ते मिटलं.

याच नॅरोजच्या तोंडाशी बीव्हर ही जुनी आगबोट जुलै १८८८ मध्ये खडकावर चढली आणि वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली. लोक तिच्यातलं तांबं-पितळ आठवण म्हणून काढून नेत.

उधाण

भरतीबद्दल थोडं. तिथली मोठी भरती आणि ओहोटी यांत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो, म्हणजे साधारण मुंबईच्या उधाणाइतका. पण मुंबईत दिवसातल्या दोन भरत्या बऱ्याच अंशी सारख्या असतात, तिथे एक उंच आणि दुसरी बरीच ठेंगणी. होडीने ये-जा करणाऱ्यांना, ओंडके सोडणाऱ्यांना हे गणित पाठच असावं लागे.

आजचा नकाशा समोर ठेवून आठवणी वाचल्या तर गोंधळ होतो, कारण अर्धं पाणी बुजवलंय. फॉल्स क्रीकची खाडी मेन स्ट्रीटच्या पुष्कळ पूर्वेला जात होती. तो सगळा भाग पहिल्या महायुद्धाच्या आसपास रेल्वेसाठी भरला. १९१९ चं पॅसिफिक सेंट्रल स्टेशन उभं आहे ती जागा एकेकाळी ओहोटीचा चिखल होती. कॅराल स्ट्रीटच्या भागात दोन्ही खाड्यांमध्ये जेमतेम अरुंद पट्टी उरत असे. एखादा म्हातारा तिथे होडी घेऊन जायचो म्हणाला तर त्याची आठवण चुकली असं समजू नये.

रस्त्यांवर जाड फळ्यांची फरसबंदी होती. खाली आडवी लाकडं, वर तीन-तीन इंच जाडीच्या फळ्या. त्या पावसात खालचा भाग कधी सुकत नाही, म्हणून वरून शाबूत दिसणारी फळी खालून कुजलेली असे आणि घोड्याचा पाय आत जाई.

जहाजांत लांब लाकूड भरायची पद्धतही समजून घेण्यासारखी. साठ-सत्तर फुटी तुळई वरच्या तोंडातून आत वळवता येत नाही. म्हणून लाकूडवाहू जहाजांच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, चौकोनी दारं असत. त्यांतून तुळई आडवी आत सारायची. भरून झालं की दारं बंद करून फटी दोर आणि डांबराने बुजवायच्या, कारण भरलेलं जहाज खाली बसतं आणि ती दारं पाण्याला लागतात.

सह्यकडा

धाग्यात एक गोष्ट राहून जातेय आणि ती मला महत्त्वाची वाटते. ‘जुने रहिवासी’ हे शब्द आपण गोऱ्यांपुरते वापरतोय. बरार्ड खाडीच्या काठाला स्क्वामिश, मस्क्वियम आणि त्स्लेल-वाटुथ लोकांची गावं हजारो वर्षांपासून होती. स्टॅन्ले पार्कात ज्वायज्वाय नावाचं गाव होतं. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या शिंपल्यांचा तिथला थर १८८८ मध्ये खणून पार्कच्या रस्त्यावर अंथरला. त्यात माणसांच्या अस्थीही होत्या.

मेजर मॅथ्यूजचं मोठं काम कोणतं विचाराल तर मी ऑगस्ट जॅक खात्सालानो या स्क्वामिश माणसाच्या मुलाखती म्हणेन. शहरातल्या किट्सिलानो भागाचं नाव त्याच्याच घराण्यातलं. त्याने सांगितलंय : घरात सगळे जेवत होते, बाहेर ठोकाठोक ऐकू आली. मोजणीवाले पार्कच्या रस्त्यासाठी त्यांच्या घराचा कोपरा तोडत होते. आत माणसं आहेत हे कुणी विचारलंही नव्हतं. पार्क थाटात खुलं झालं २७ सप्टेंबर १८८८ ला. एकाच रस्त्याच्या या दोन आठवणी शेजारी ठेवून वाचाव्यात.

गॅसी जॅकच्या किश्शांतही हेच. त्याने बारा वर्षांच्या स्क्वामिश मुलीशी लग्न केलं होतं. त्याचा पुतळा २०२२ मध्ये लोकांनी पाडला.

आणि चिनी मजूर. वेस्ट एंडचं रान तोडायला आलेल्या चिन्यांच्या कोल हार्बरवरच्या तळावर २४ फेब्रुवारी १८८७ च्या रात्री जमाव चालून गेला. थंडीत माणसांना हुसकावलं, झोपड्या जाळल्या. प्रांताच्या सरकारने शहराचे पोलिसी अधिकार काढून घेऊन व्हिक्टोरियाहून शिपाई पाठवले. बऱ्याच गोऱ्या आठवणींत हा प्रसंग एका ओळीत उरकलेला असतो किंवा नसतोच.

गाडीवाट

सह्यकडा, अगदी योग्य. त्याला जोडून : १९०४ नंतर पंजाबी मजूर याच सॉमिलमध्ये आले. खालसा दिवाण सोसायटी १९०६ ची, किट्सिलानोतला गुरुद्वारा १९०८ चा. कोमागाता मारू ही आगबोट २३ मे १९१४ ला ३७६ हिंदी प्रवाशांसह आली आणि दोन महिने बंदरात अडवून २३ जुलैला परत पाठवली.

या किनाऱ्याशी मराठी माणसाचा धागा तिथूनच जुळतो, थोडा दक्षिणेला. पांडुरंग खानखोजे ऑरेगनमध्ये शिकत होते आणि तिथल्या लाकूड कामगारांत काम करत होते. इंग्रजांविरुद्धची गदर संघटना १९१३ मध्ये ऑरेगनमधल्याच अ‍ॅस्टोरियात उभी राहिली. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे सिअ‍ॅटलला शिकायला गेले आणि गदरच्या उठावातल्या सहभागाबद्दल १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरात फाशी गेले.

साकव

सह्यकडा, माझ्या पहिल्याच लिखाणात हे यायला हवं होतं. राहिलं, ही माझी चूक.

ज्यांना स्वतः या आठवणी वाचायच्या आहेत त्यांच्यासाठी कामाचं सांगतो. आधी रस्त्यांची जुनी नावं लिहून घ्या. वेस्टमिन्स्टर अ‍ॅव्हेन्यू म्हणजे १९१० नंतरचा मेन स्ट्रीट, नववा अ‍ॅव्हेन्यू म्हणजे आजचा ब्रॉडवे, ड्युपॉन्ट स्ट्रीट म्हणजे पूर्व पेंडर. मग सांगणारा त्या वर्षी किती वयाचा होता ते काढा. सात वर्षांच्या मुलाला उंची आणि अंतरं मोठी वाटतात, पण घरात काय खाल्लं ते तो बरोबर सांगतो. नंतर तीच जागा विमा कंपन्यांसाठी काढलेल्या मोठ्या नकाशांवर पाहा. त्यांत इमारतीगणिक लाकूड की वीट हे रंगाने दाखवलेलं असतं. शहराच्या अभिलेखागाराने जुने फोटो आणि नकाशे संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. दोन आठवणी शब्दन्‌शब्द जुळल्या तर जरा थांबा. बऱ्याचदा दोघांनी एकच वर्तमानपत्र वाचलेलं असतं. किरकोळ तपशिलात न जुळणाऱ्या आठवणी जास्त भरवशाच्या.

हेस्टिंग्ज मिलचं दुकान आगीतून वाचलं. १९३० मध्ये ते तराफ्यावर चढवून पाण्यातून अल्मा स्ट्रीटच्या टोकाला नेलं. आज ते संग्रहालय आहे.

देवराई

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी : स्टॅन्ले पार्कात बीव्हर लेककडे जाणाऱ्या वाटांवर जुने खुंट बघा. वर कोवळं झाड उगवलेलं असतं, त्याची मुळं खुंटाच्या अंगाखांद्यावरून जमिनीत उतरलेली. त्या मुळांच्या मधोमध, छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीला, एक आडवी अंधारी खाच दिसेल, वीतभर रुंद. समोरच्या अंगाला तिची जोडी शोधा. शेवाळ खरवडू नका, त्याखालचं सीडर इतकी वर्षं टिकलंय पण बोटाने दाबलं तरी चुरा होतं.